रंगाऱ्याची रिकामी खाट

घरादाराचं धुणं धुण्यात माझा जन्म गेला, आता माझं रक्त मशीन धुतं. किडन्या बसल्या की दिवसाआड हेच. त्या खोलीत माझ्या समोरच्या खाटेवर एक शिंपी असतो, त्याची ही गोष्ट.

माणूस काटकुळा, पण जीभ कात्रीसारखी. सुई टोचताना सिस्टरला म्हणायचा, "सरळ टाका घाला हो बाई, उसवायला लावू नका." शेजारच्या खाटेवर रंगारी. रंगाऱ्याला उकडायचं, शिंप्याला हुडहुडी भरायची. पंखा लावा, पंखा बंद करा, यावरून दोघांची वर्षानुवर्षं जुंपलेली. आम्ही बाकीचे डोळे मिटून ऐकायचो. तेवढीच करमणूक.

एकदा शिंपी फारच भडकला. "पुन्हा तुझं तोंड बघायचं नाही मला!"

"नको बघूस. तुझं तरी कुठं बघण्यासारखं आहे?"

पुढच्या खेपेला रंगाऱ्याची खाट रिकामी. घरीच गेला बिचारा, बसल्या जागी. पण आमच्या खोलीत रीतच पडली आहे, कुणी गेलं असं म्हणायचं नाही. सिस्टर सांगते, "त्यांनी वेळ बदलून घेतली, दुपारी येतात." ऐकणारा काय ते समजतो आणि छताकडे बघत पडतो. शिंप्यालाही ही रीत ठाऊक. पण मनात भांडण सलत होतं, म्हणून त्याला ते खरंच वाटलं. की वाटून घेतलं, देव जाणे.

"माझ्यापायी तो दुपारच्या उन्हात येतो," म्हणाला. "त्याला सकाळीच बोलवा. मी नाही येत." आणि खरंच यायचा थांबला. मशीन चुकवणं म्हणजे मरणाला घरी बोलावणं. सून फोन करून रडायची, पाय सुजलेत, धाप लागते, पण ऐकत नाहीत.

आमच्याकडे एक समुपदेशक बाई येते. नाव केवढं भारदस्त, काम म्हणजे खाटेशी स्टूल ओढून आमची रडगाणी ऐकायची. ती मला म्हणाली, "आजी, शिंपीकाकांच्या घरी चला ना माझ्याबरोबर. एकटीने जमेलसं वाटत नाही." पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलेलं. गेले.

शिंपी शिलाईच्या मशीनवर डोकं टेकून बसला होता. बाई जमिनीवरच बसली. "काका, रंगारीकाका वारले. भांडलात त्याच दिवशी. भांडणामुळे नाही, त्यांचं हृदय आधीपासूनच थकलेलं होतं."

त्याने मशीनवरचं डोकं उचललं. मग म्हणाला, "खोलीभर माणसं. एकाच्याही तोंडून फुटलं नाही?"

"माझ्याही नाही. थकते मी, काका. सारखं हेच सांगायचं."

"मग थकल्या अंगानं एवढे जिने कशाला चढलीस?"

"तुमचीही खाट रिकामी बघवत नाही म्हणून."

शिंपी रडला. "मी शेवटचं काय बोललो त्याला…"

आता ही 'असू द्या हो' म्हणेल असं मला वाटलं. तिने विचारलं, "त्याच्या आधी काय काय बोलला होतात?"

मग तो सुरू झाला. पंख्याची भांडणं, एकमेकांना दिलेले शेलके शब्द. "एकदा मी कुडकुडत होतो, तर स्वतःची चादर माझ्या अंगावर फेकली आणि म्हणतो, घे, दात वाजवू नकोस, झोपू दे." सांगता सांगता हसला, हसता हसता धाप लागली. सून पाण्याला धावली, तर म्हणाला, "पाणी नको. चपला दे." सुजल्या पायांत त्या शिरेनात. मुलाच्या घालून आला.

खोलीत शिरल्या शिरल्या, खाटेवर बसायच्या आधी, तो मोठ्याने म्हणाला, "रंगारी वारला."

सिस्टर सुई हातात धरून तशीच उभी. कोपऱ्यातल्या म्हातारीने मान वळवली. "आणि ती मास्तरीण? तिनेही वेळच बदलून घेतली होती ना?"

"त्याही, आजी," सिस्टर हळूच म्हणाली.

"मला वाटलंच होतं," म्हातारी म्हणाली. "चांगली होती हो. फार बोलायची, पण चांगली होती."

शिंप्याने बाही वर केली.