नऊनं भाग जाणारा नंबर
आंबेमोहोर शिजल्याचा वास आला की मला भुकूम गावातल्या माझ्या घरमालकीण काकूंचं स्वयंपाकघर आठवतं. त्या दिवशी त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल होता आणि नापास झाली तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. निकाल मेसेजवर कळायचा. काकू भात ढवळत तिचा बैठक क्रमांक सांगत होत्या, "तेवीस, एकसष्ट, एकोणसत्तर," आणि मी मोबाइलवर दाबत होते. उत्तर आलं, नापास. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली. "आसं न्हाई व्हायचं," काकू म्हणाल्या. "देवीचा अंक हाय. नऊनं भाग जातोय, म्या बेरीज केलीया, सत्तावीस." मी पाठवलेल्या आकड्यांची बेरीज केली, तर अठ्ठावीस आली. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, एकोणसत्तर ऐकून ७९ दाबले होते. हवे होते ६९. पुन्हा पाठवलं, मुलगी पास होती. "मोबाइलच येडा हाय तुजा," काकू हसल्या. मी चूक कबूल केली नाही. आता मला मराठी आकडे नीट येतात. पण त्या दिवशी त्या मुलीच्या पुढे दहा नंबरांवर बसलेल्या कुणाचा तरी निकाल मी त्याच्याआधी वाचला होता, आणि तो खरा होता.