हँडल फिरवलं होतं

नाव: मकसूद इब्राहिम हसवारे. वय: एकोणसत्तर. पत्ता: मु. पो. रेवदंडा, तालुका अलिबाग. व्यवसाय: मोटार दुरुस्ती. अनुभव: शेहेचाळीस वर्षे. विशेष प्रावीण्य: इंजिन न उघडता दोष सांगणे. व्यसन: तपकीर. ग्राहकांच्या तक्रारी: निरंक. माहिती भरल्याचा दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४.

हा तपशील तालुक्यातल्या एका मोटार कारागीर संघाच्या फायलीत आहे. संघ दर वर्षी एका ज्येष्ठ कारागिराला शाल, नारळ आणि प्रमाणपत्र देतो. नारळ घरचाच असतो.

यातल्या विशेष प्रावीण्याबद्दल वाद नाही. मकसूद चिमूटभर तपकीर ओढायचा, बॉनेटला कान लावायचा आणि 'तिसरा प्लग' म्हणायचा. बहुतेक वेळा तिसराच प्लग निघे. कधी दुसरंच काही निघालं तर 'हेही होतंच' असं ठरे आणि कीर्तीला धक्का लागत नसे. मुरुडपासून लोक गाड्या घेऊन यायचे. डॉक्टरपेक्षा मकसूद बरा, असं म्हणायचे. तो निदान पेशंटला फाडत तरी नाही.

गावात चारचाकी मोजक्याच होत्या तेव्हापासून सुपारीचे व्यापारी कासमभाई उकये यांच्याकडे एक फियाट होती. चौसष्ट सालची, दुधी रंगाची. २००३ साली कासमभाई मुलाकडे, फैझानकडे, कुवेतला जायला निघाले. दहा महिने म्हणून निघाले, पण दीड वर्ष राहिले. जाण्याआधी त्यांनी मकसूदला बोलावून सांगितलं, "हिला नीट झोपवून ठेव."

मकसूदने गाडी नीट झोपवली. चाकांखाली लाकडी ठोकळे दिले, टाकी रिकामी केली, बॅटरी काढली. उरलं इंजिन. गाडी बरेच दिवस उभी राहणार असली की प्लगच्या भोकांतून थोडं इंजिन ऑईल सोडतात, म्हणजे आत गंज चढत नाही. हे मकसूदला माहीत होतं. पण त्याला आणखीही एक गोष्ट माहीत होती. खाडीवरचे कोळी होडीला मुशीच्या काळजाचं तेल चोपडतात आणि त्या होड्या खाऱ्या पाण्यात चाळीस चाळीस वर्षं टिकतात. मुशी म्हणजे शार्क. रेवदंड्याला दाराच्या बिजागरीपासून बैलगाडीच्या आसापर्यंत खारी हवा लागू नये अशा सगळ्याला हेच तेल. मग फियाटने काय घोडं मारलंय? होडीवाल्या अंबाजीकडून त्याने बाटली आणली, तेल कोमट केलं आणि चारी भोकांत दोन दोन चमचे सोडलं. याचा त्याला त्या काळी अभिमान वाटला होता.

मग कासमभाईंच्या बायकोला, सुगराभाभीला, त्याने हँडल दाखवलं. गाडीच्या तोंडात घालून फिरवायचं, जुन्या पद्धतीचं. "महिन्यातून एकदा चार फेरे द्यायचे, भाभी. विसरायचं नाही."

आठव्या महिन्यात सुगराभाभीचा फोन आला. हँडल जड लागतंय म्हणाली.

"तुमचा जोर कमी पडत असेल. रमजान चालू आहे ना?"

"रमजान होऊन महिना झाला, मकसूद."

"मग खा जरा," मकसूद म्हणाला आणि फोन ठेवला.

कासमभाई परत आले तेव्हा हँडल जागचं हलेना. मकसूद आला, तपकीर ओढली, दोन्ही हातांनी एकदा जोर लावून बघितला आणि इंजिन न उघडता दोष सांगितला. "हँडल फिरवलं नाही, भाई. जाम झालं."

"फिरवलं होतं," सुगराभाभी म्हणाली.

कासमभाईंनी एकदा मेकॅनिककडे बघितलं, एकदा बायकोकडे. त्यांनी मेकॅनिकवर विश्वास ठेवला. पुढे त्यांनी व्हॅन घेतली आणि फियाट शेडमध्ये राहिली. पाहुणे आले की ते त्यांना शेडमध्ये नेऊन ती दाखवायचे आणि म्हणायचे, "ही आमच्या बायकोने मारली." हसत म्हणायचे. अकरा वर्षं म्हणाले, मग वारले. तोवर गावात म्हण झाली होती. कोणी गॅस बंद करायला विसरलं, कोणी बँकेची तारीख विसरलं, की लोक म्हणत, 'झाली, सुगराची फियाट झाली.' ही म्हण वापरणाऱ्यांत मकसूदही होता.

यंदा कुवेतहून गावी आलेल्या फैझानच्या मुलीचा, निदाचा, निकाह ठरला. अब्बांच्या गाडीतून तिला मुरुडला सासरी पाठवायची, असं फैझानच्या मनात आलं. काम मकसूदकडेच आलं. दुसऱ्याकडे कोण कशाला देईल?

पंधरा नोव्हेंबरला, शुक्रवारची नमाज झाल्यावर, उकयांच्या अंगणात मकसूदने पहिल्यांदा ते इंजिन उघडलं. हेड उचललं आणि तो तिथेच थांबला. एकवीस वर्षं समुद्राकाठी पडलेल्या इंजिनात गंज हवा. गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. चारी पिस्टनच्या कडेने मधाच्या रंगाचा, काचेसारखा कडक थर होता. लाकडावर व्हार्निश चढतं तसा. पिस्टन त्यात बसवल्यासारखे बसले होते.

त्याने पान्याच्या टोकाने एक कपची काढली आणि स्टोव्हवर धरली. कोळीवाड्यातल्यासारखा मासळीचा वास अंगणभर पसरला.

"काय आहे, चाचा?" फैझानने विचारलं.

"जुनं ऑईल," मकसूद म्हणाला. "गाडी उभी राहिली की होतं असं."

ओट्यावर सुगराभाभी तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला, मान वर केली, मकसूदकडे बघितलं. मग सुपावर फडकं टाकून ती आत गेली.

त्यानंतर महिनाभर मकसूदने जे काम केलं तसं त्याने आयुष्यात केलं नव्हतं. डिझेल आणि थिनर मिसळून सिलिंडरांत भरलं, सहा दिवस मुरू दिलं. लाकडाचा ठोकळा ठेवून हलके हलके ठोकत एकेक पिस्टन सोडवला. रिंगा नव्या, ब्रेकची रबरं नवी. कार्बोरेटर तीनदा खोलला. टाकीत मूठभर खडी घालून ती हलवून हलवून आतला गंज काढला. मजुरी घेणार नाही म्हणाला. "अब्बांचं प्रेम होतं चाचावर," फैझान सगळ्यांना सांगत होता. मकसूद खाली मान घालून पान्याला तेल लावत होता.

निकाहच्या आठ दिवस आधी इंजिन पहिल्यांदा पेटलं. निळा धूर आला, मग पांढरा, मग नुसता आवाज. फैझान पेढे आणायला गेला. सुगराभाभी ओट्यावर आली तेव्हा मकसूद उभा राहिला.

"भाभी, एक सांगायचंय. ते तेल..."

"मुशीचं होतं. वास आला मला."

"माझी चूक झाली. माफ करा."

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी फिरवलं होतं ते मला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना सांग."

मकसूदने तपकिरीची डबी काढली, उघडली, बंद केली.

निकाहचा दिवस बावीस डिसेंबरचा. दुपारी पाठवणीला फियाट फुलं लावून दारात उभी होती, इंजिन चालू, स्टेअरिंगवर फैझान, मागे निदा आणि नवरा. सुगराभाभी खिडकीशी उभी राहून नातीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. अर्धं गाव मकसूदच्या पाठीवर थाप मारून गेलं. अंबाजी तर नव्या सदऱ्यात आला होता.

"सुगराबाय," तो मोठ्याने म्हणाला, "आता तरी म्हैन्याला हँडल फिरवा हां. न्हायतर परत सुगराची फियाट."

सगळे हसले. सुगराभाभीचं तोंड वीस वर्षं या वाक्याला जसं असायचं तसंच होतं.

"फिरवलं होतं," बॉनेटशी उभा असलेला मकसूद म्हणाला.

इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. "काय?" अंबाजीने विचारलं.

सुगराभाभी पुढच्या खिडकीशी आली, फैझानच्या पुढून हात आत घातला आणि चावी फिरवली. इंजिन बंद पडलं.

"बोल आता," ती म्हणाली.

मकसूदने बॉनेटवर हात ठेवला. "भाभीने दर महिन्याला हँडल फिरवलं होतं. इंजिन मी जाम केलं. आत मुशीचं तेल घातलं होतं मी. जड लागतंय म्हणून भाभीचा फोनपण आला होता मला."

मग अंबाजी म्हणाला, "आरं, माझ्या बाटलीतलं? ते सुकतं म्हणून तर होडीला लावतो आम्ही. सुकून कडक न्हाय झालं तर पाणी कसं अडल? मला इचारायचं तरी."

शेहेचाळीस वर्षांत मकसूदने अंबाजीला इंजिनाबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि होडीबद्दलही.

फैझान स्टेअरिंगकडे बघत होता. "अब्बांना कोण सांगणार, चाचा?" तो हळूच म्हणाला. मकसूद कबुलीचे शब्द आठवडाभर पाठ करत होता, पण त्यात हे नव्हतं.

फैझानने चावी फिरवली. नवी बॅटरी दोनदा कण्हली आणि गप्प झाली. मकसूदने डिकीतून हँडल काढलं आणि, का कोण जाणे, सुगराभाभीपुढे धरलं.

"माझ्या वाटचं मी फिरवलंय," ती म्हणाली.

मग त्याने फिरवलं, एकोणसत्तराव्या वर्षी, सगळ्यांसमोर वाकून. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं. गाडी पुलापर्यंत दिसत होती, मग साळावच्या बाजूला वळली. मुरुडला वेळेवर पोचली, वाटेत कुठे थांबली नाही.

म्हण गावात अजून आहे. म्हणी कोणी मागे घेत नाही. जानेवारीत संघाने मकसूदला शाल दिली. तो गेला, घेऊन आला आणि प्रमाणपत्र गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

संघाचा फॉर्म कारागिराने स्वतः भरायचा असतो. 'निरंक' हा शब्द मकसूदच्या हातचा आहे. इंजिन उघडल्यावर चार दिवसांनी लिहिलेला.