मायचा हिरवा चुडा

देवाचा चांगुलपणा मला आधी कानांनी कळला. सकाळी माय भाकरी थापायची, तेव्हा तिच्या बांगड्या परातीच्या काठावर वाजायच्या. आम्ही भावंडं त्या आवाजानेच उठायचो. बाप गेला त्या दिवशी आत्याने त्या बांगड्या दगडावर फोडल्या. आम्ही ख्रिस्ती होतो, पण आज्याच्याच पिढीपासूनचे. जुनी रीत घरातून गेली नव्हती. आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचा कारभार पाहणारे गृहस्थ, तिथेच उभे होते. पुनरुत्थानावर ते चांगलं बोलले. बांगड्यांबद्दल काही बोलले नाहीत.

त्यानंतर वर्षभर भाकरी मुक्यानेच थापली गेली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी शाळेत शेवटच्या वर्गात होते. जळगाव जामोदच्या बाजारात माय मीठमिरची घ्यायची सोडून थेट कासारापुढे बसली आणि हात पुढे केला. "हिरव्या भरा," म्हणाली. आमच्या बायका कुंकू लावत नसत, त्यामुळे कपाळाकडे पाहून कासाराला काही कळलं नाही. त्याने एक हात भरला, दुसरा धरला, तेवढ्यात कांद्याच्या ढिगापासून आमची शेजारीण ओरडली, "अवं माय! हिचा मालक तं मागच्या साली गेला नं!"

कासाराने हात सोडला. "बाई, आधी सांगाचं नं. मले पाप लागते."

"लागलं तं माह्या नावावर टाका, दादा."

"या वयात नवरदेव पाह्यला का व?" शेजारणीने विचारलं. आजूबाजूच्या बाया हसल्या.

"पाह्यला तं पह्यलं बोलावणं तुलेच धाडीन," माय म्हणाली, आणि उरलेल्या बांगड्या तिने स्वतःच चढवल्या. कासाराच्या बोटांतली सफाई तिच्यात नव्हती. अंगठ्याजवळचं कातडं सोललं, पण तिने हात भरूनच घेतला.

बातमी आमच्या आधी घरी पोचली. शनिवारी संध्याकाळी मंडळीचे वडील आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले नाहीत.

"उद्या प्रभुभोजन हाय. ते हातातलं काढून ये."

"काऊन?"

"लोक मंडळीले हासतात."

"आपल्यात रांडव बाई अशुभ नसते, हे तुम्हीच सांगता नं, भाऊ?"

"हाव, सांगतो. पण साधं राहाव. नटूनथटून देवापुढं जाचं नसते."

माय सूप ठेवून उठली. "पेरू पिकला का घरभर वास सुटते. तो वास देवानं कोणासाठी केला? रांडवीनं तवा नाक दाबाव का? भाऊ, हे हात वाजले का मले वाटते, देव घरात हाय. तो मले इसरला नाही."

"काढलं नाही तं ताट तुह्यापुढं येनार नाही." ते निघून गेले.

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत देवळात सगळ्यांनी मिळून खायचा भाकरीचा तुकडा. मायला ते काय होतं ते मी पाहिलेलं होतं. अंगात ताप असतानाही ती त्या भाकरीच्या तुकड्यासाठी चालत गेली होती. बाप गेल्यावर तेवढं एकच जेवण ती मनापासून जेवायची. ते बंद होणं म्हणजे तिला घराबाहेर काढणंच होतं. तरी तिने बांगड्या काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापल्या, बांगड्या वाजल्या, आणि धाकटा भाऊ झोपेतून उठून चुलीपाशी येऊन बसला.

मायच्या मजुरीवर मी पुढे बी. ए. झाले. त्यानंतर पुष्कळ प्रवचनं ऐकली. डोळे आणि कान ही मोहाची दारं आहेत, असं शिकलेली माणसं सांगतात. मला ते पटलेलं नाही आणि पटणारही नाही. त्या दारांतून आमच्या घरी देव आला होता.

देवळात भाकरीचं ताट घेऊन वडील रांगेतून आले. मायच्या आधीच्या बाईला दिलं आणि ताट उचलून पलीकडच्या बाईकडे वळले. मायने हात पुढे केला. पत्र्याच्या छपराखाली सगळे गप्प होते, त्यात बांगड्या वाजल्या. तिने हात मागे घेतला नाही. पुढे उपासना चालवणाऱ्या पाळकाकडेही पाहिलं नाही. वडिलांचा चेहरा लाल झाला. लहान मुलंसुद्धा वळून पाहू लागली.

शेवटी ताट खाली आलं. तिने तुकडा घेतला आणि सावकाश, चव घेत चावला.

ते वडील नंतर कित्येक वर्षं आमच्याशी बोलले नाहीत. नाताळात धाडलेली करंज्यांची ताटली झाकलेली तशीच परत यायची. माय ती आम्हाला वाटून टाकायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा धाडायची.

त्या रविवारी घरी येताना मी विचारलं, "माय, त्यायनं ताट खाली केलंच नसतं तं?"

"तं हात तसाच ठेवला असता," ती म्हणाली. "मले कुठं जाचं होतं?"