रिकामा हात

माझी वहिनी भित्री. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी, कुलूप तीनतीनदा ओढून बघणारी. मी तिला तोंडावर ‘भागूबाई’ म्हणते. माझी जीभ तिखट आहे, हे घरात कुणाला सांगावं लागत नाही. ती इस्पितळाच्या संगणक विभागात प्रोग्रॅम लिहिते.

तिचं काम तिनंच मला एकदा भाजी निवडताना समजावलं होतं. प्रयोगशाळेतल्या यंत्राकडून रक्ताचा आकडा येतो आणि एका फंक्शनमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्यातून, दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा सरकत जातो. पहिलं फंक्शन यंत्रानं पाठवलेल्या अक्षरांतून आकडा वाचतं, पुढचं तो ठरलेल्या मापात बसवतं, त्यापुढचं मर्यादेशी ताडून बघतं आणि शेवटचं डॉक्टरांच्या पडद्यावर धोका असेल तर तेवढा लिहितं, नाहीतर ‘सर्व ठीक’.

“म्हणजे माझ्या शिवणघरासारखंच,” मी म्हटलं. “एकीनं कापायचं, दुसरीनं शिवायचं, तिसरीनं काजं करायची. पण एखादीच्या हातात कापडच आलं नाही तर?”

“तर ती रिकामा हात पुढे करते. पुढचीही तेच करते. आरडाओरडा नाही, साखळी तुटत नाही,” वहिनी म्हणाली. स्वतःच्या कामावर ती एवढी खूश मी पहिल्यांदाच बघितली.

पुढे एका दुपारी पायांत जीव नाही म्हणून बाबांना आम्ही वहिनीच्याच इस्पितळात नेलं. त्यांच्या मूत्रपिंडांचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी तातडीनं पोटॅशियम तपासायला रक्त पाठवलं. ते फार वाढलं तर हृदय बंद पडतं, हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. थोड्या वेळानं पडद्यावर उमटलं, ‘सर्व ठीक’. माझा जीव भांड्यात पडला. दादा बाबांना चाकांच्या खुर्चीत घालून गाडीकडे गेला. मी मागे राहिलेलं सामान पिशवीत कोंबत होते, तेवढ्यात वहिनी आली.

“आकडा किती आला?”

“ठीक आलंय. चल आता, भागूबाई.”

“अगं, आकडा विचारतेय मी. आज सकाळीच नवीन यंत्र लावलंय.”

पडद्यावर आकडा नव्हता. ती जिना उतरून प्रयोगशाळेकडे धावत सुटली. मी कुरकुरत तिच्या मागे.

यंत्राच्या छोट्या पडद्यावर बाबांच्या नावासमोर आकडा होता आणि त्याच्या आधी ‘पेक्षा जास्त’ची खूण.

“ही खूण कसली?” वहिनीनं तंत्रज्ञाला विचारलं.

“यंत्राला मोजता येत नाही इतकं जास्त,” तो म्हणाला. “का? वर दिसलं नाही का?”

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. “जुनं यंत्र ही खूण पाठवत नव्हतं,” ती पुटपुटली. “माझ्या पहिल्या फंक्शनला ती वाचता आली नाही. त्यानं रिकामं पुढे दिलं. सगळ्यांनी रिकामंच पुढे दिलं. मग शेवटी लिहायला धोकाच उरला नाही.” मग ती किंचाळली, “बाबांना थांबव! मी डॉक्टरांना सांगते!”

मी दादाला फोन लावला. तो माझ्याच पिशवीत वाजला. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. पळताना पायातली चप्पल निघाली, ती तशीच टाकली. गाडी फाटकाबाहेर वळत होती. मी पुढ्यात जाऊन बॉनेटवर दोन्ही हात आपटले. आतून बाबांनी थकलेल्या आवाजात विचारलं, “काय गं, काय विसरलं?”

त्यांना परत आत नेलं. छातीला वायरी लावल्या, शिरेतून औषध सुरू केलं. यंत्रावरची हृदयाची वेडीवाकडी रेघ हळूहळू नेहमीच्या वळणावर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आता भीती नाही.”

मी वहिनीला शोधत तिच्या विभागात गेले. तिला मिठी मारावी की चार शिव्या हासडाव्यात, माझं मलाच ठरत नव्हतं. ती संगणकासमोर बसली होती.

“बाबा वाचले,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली, पण वळली नाही. “यंत्र सकाळपासून चालू आहे गं.”

पडद्यावर त्याच खुणेची आणखी नावं होती. सगळी माणसं ‘सर्व ठीक’ ऐकून घरी गेलेली. एका नावावर बोट ठेवून तिनं टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि स्वतःचा मोबाइल कानाला लावला.

मी लावलेला फोन बराच वेळ वाजला. मग एका बाईनं उचलला. मी इस्पितळातून बोलतेय म्हटल्यावर ती म्हणाली, “ते आत्ताच आडवे झालेत. फार थकलेत. पण रिपोर्ट चांगला आलाय ना?”

“उठवा,” मी ओरडले. “आधी त्यांना उठवा!”