थैली ओळखीची, शिलाई दुसरी

गावंडे साहेबांना आयुष्यात कुणीही फसवू शकले नाही, असे त्यांच्या निरोपसमारंभात चार वक्त्यांनी सांगितले. ते खरे होते, कारण साहेब कुणाचेच काही खरे मानत नसत. शेजारी म्हणून मी ते रोज भोगले. 'नमस्कार' म्हटले तरी ते "काहून?" विचारत.

अकोल्यात राहून ते अमरावतीपर्यंतच्या दुकानांचे बियाणे निरीक्षक होते. बोगस थैल्या पकडण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर मुलीने संगणक आणून दिला आणि साहेब त्यावर शेतीचा खेळ खेळू लागले. बाहेर सोयाबीन उगवत नव्हते, कपाशी लाल पडत होती. साहेबांच्या पडद्यावर मात्र पेरलेले सगळे उगवे. "शंभर टक्के उगवण? नमुना घ्या लागते याचा," ते म्हणत.

त्या खेळात मित्र एकमेकांच्या पिकाला पाणी घालतात. साहेबांचे मित्र दोनच. एक मी; दुसरे अमरावतीचे बियाणे दुकानदार अस्लमभाई. साहेबांनी वीस वर्षे त्यांचे दुकान तपासले, एकदाही काही सापडले नाही. त्या रागाचीच पुढे मैत्री झाली.

एके दिवशी अस्लमभाईंच्या खात्यावरून आम्हा दोघांना संदेश आला: 'मित्रा, सोन्याचे बियाणे मोफत! फक्त आज. इथे दाबा.' मी कॉलेजात ग्रंथपाल; लिहिलेले खरे मानायची सवय. दाबले. खेळासारखेच पान उघडले, त्याने पासवर्ड मागितला, मी दिला. तासाभरात माझे खाते माझे राहिले नाही, आणि माझ्या नावाने तेच सोने आमच्या प्राचार्यांपर्यंत पोचले.

"लायब्ररीवाले ना तुमी?" साहेब कंपाउंडवरून ओरडले. "निसतं कव्हर पाहून पुस्तक घेता काय? अस्लमनं वीस वर्षांत मले चहा सोडून काही फुकट देल्लं नाही. अन् आज सोनं वाटून राहिला?"

त्यांनी अस्लमभाईंना फोन लावला.

"साहेब, तुमाले अन् फुकट? मी पागल हाय का?" पलीकडून आले. त्यांचे खातेही दोन दिवसांपूर्वी अशाच संदेशाने गेले होते.

"बोगसवाला नवी थैली नाही बनवत," साहेब मला म्हणाले. "नावाजलेल्या कंपनीची रिकामी थैली घेते, आत कचरा भरते अन् पुन्हा शिवते. थैली ओळखीची, शिलाई दुसरी. फुकट म्हटलं, घाई केली, पासवर्ड मांगला, की शिलाई पाहा लागते. अन् ज्याच्या नावानं आलं, त्याले पयले फोन."

आमची खाती परत मिळाली. माझी पत मिळाली नाही. पुढे मी काहीही पाठवले की साहेबांचा फोन येई: "हे तुमीच पाठवलं काय?" दिवाळीच्या शुभेच्छांनासुद्धा. एकदा त्यांच्याच ओसरीवर बसून मी त्यांना फोटो पाठवला, तरी माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी फोन लावला. मी उचलेपर्यंत फोटो उघडला नाही.

मग एका सकाळी अस्लमभाईंच्या खात्यावरून त्यांच्या मुलाचा संदेश आला: 'अब्बा गेले. दफन आज दुपारी असरच्या नमाजनंतर. लवकर या.'

"घाई करून राहिला. लिहिणारा दुसरा," साहेब म्हणाले. "शिलाई दुसरी हाय."

फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मी वैतागलो. "साहेब, असं खोटं कोण लिहील?"

"लिहितात. तुमाले काय माहीत!" पाय मात्र चपला शोधत होते. "मी सोता जाऊन पाहातो. बोगस निघालं तर त्या अस्लमले सोडत नाही."

मीही सोबत गेलो. एसटीत अमरावतीपर्यंत ते एवढेच बोलले: "बोगसच असन." मूर्तिजापूरला एकदा आणि बडनेऱ्याला एकदा.

संदेश खरा होता. साहेबांनी कबरीवर तीन मुठी माती घातली.

दुसऱ्या दिवशी खेळात अस्लमभाईंचे भोपळे सुकत होते. साहेबांनी पाणी घातले. लगेच अस्लमभाईंच्या नावाने संदेश आला: 'धन्यवाद मित्रा! तुमच्यासाठी भेट आहे, इथे दाबा.' साहेबांनी सवयीने फोन उचलला, अर्धा नंबर लावला आणि खाली ठेवला. भेट त्यांनी अखेरपर्यंत उघडली नाही.

असे आभार तो खेळ आपोआप पाठवतो. पाणी मीही घातले होते, त्यामुळे मलाही भेट आली. मी दाबले. शेणखताचे एक पोते होते.