गाडीवरची अक्षरं

त्या शहरात काजआत्यांच्या समाजाचे लोक मूठभर, त्यामुळे संशोधन करणाऱ्यांना फार हवेहवेसे. आरोग्य संस्थेच्या मॅडम आल्या तेव्हा आत्या खिडकीपाशी बसून शिंप्याच्या कोटाला काज करत होत्या. नवऱ्याच्या मागे याच काजांवर त्यांनी मुलाला वाढवलं होतं, नावही त्यावरूनच पडलं होतं.

"तुमच्या समाजातल्या ज्येष्ठांपर्यंत कुणी पोहोचतच नाही हो," मॅडम हळहळल्या. बाई गोड बोलत होत्या. संस्थेत तपासणीला यायला आत्या हो म्हणाल्या.

मग गाडी पोहोचली. पांढरीशुभ्र, दोन्ही अंगांवर हातभर अक्षरं: 'स्मृतिभ्रंश संशोधन'. म्हाताऱ्यांना बसची दगदग नको, म्हणून ही सोय. दारात उभी राहून ती हॉर्न वाजवायची. न जाणो, एखाद्याचं वाचायचं राहून गेलं असेल.

गल्लीला आणखी काय हवं होतं? शेजारीण आपला ब्लाउज अर्धवटच परत घेऊन गेली. "आत्या, आता आराम करा." शिंप्याने कोट पाठवणं बंद केलं. सून गॅसपाशी फिरकू देईना. "आई, मी आहे ना," असं ती इतक्या हळुवारपणे म्हणायची, की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

आत्यांनी त्या गाडीत बसणं सोडलं. त्यांच्यातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनीही सोडलं. संस्थेत म्हणे मोठी बैठक झाली आणि या लोकांमध्ये जागृतीच कमी, असं ठरलं. रुसलेल्यांना मनवायला मॅडम भेट घेऊन आल्या. छत्री. तिच्यावरही तीच अक्षरं.

"ही उघडून मी बाजारात जाऊ?"

"आपुलकीची भेट आहे, आत्या."

"राहू द्या. माझ्या डोक्यात काही बिघाड निघाला का?"

"छे, तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे."

"मग चला, तेवढं शिंप्याला सांगा. जाता जाता शेजारणीलाही."

मॅडम गडबडल्या. "तसं नाही करता येत. तपासणीची माहिती गोपनीय असते."

"गाडीवर रंगवलीत तेव्हा नव्हती?"

"तुम्ही आला नाहीत, तर तुमच्याच समाजाचं नुकसान होईल."

"माझं झालंय. समाजाचं तुम्ही बघा."

छत्री मॅडमच्या हातात कोंबून आत्यांनी चपला घातल्या आणि तडक शिंप्याचं दुकान गाठलं. डोकं ठणठणीत आहे, मॅडमनीच सांगितलं, उद्यापासून कोट पाठव, असं त्यांनी एका दमात बजावलं. शिंपी मान डोलवत ऐकत राहिला, लहान पोराचं ऐकतात तसं.

"बरं बरं, आत्या," तो म्हणाला, आणि हातातली कात्री खाली ठेवून त्यांना घरी पोहोचवायला उठला.