श्रूजबरीतला पाखंडी

इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावच्या लायब्ररीत दर शनिवारी दुपारी जुन्या ख्रिस्ती विचारांचा वर्ग चालायचा. "लॅपटॉप बंद कर आणि जरा माणसांत जा," असं बायकोने बजावलं म्हणून मी गेलो. बाकी सगळे निवृत्त, आणि शिकवणाऱ्या बाई माजी धर्मगुरू.

बाईंनी विचारलं, बाळ जन्मतं तेव्हा त्याचा आत्मा नवा असतो, की आधीपासूनचा? इतकं सोपं उत्तर कुणालाच येईना! शेवटी मीच हात वर केला. "आधीपासूनचाच. तो फक्त शरीर बदलतो."

बाईंचा चेहरा उजळला. चर्चने हे मत फार पूर्वीच पाखंड ठरवलं होतं, आणि जिवंत पाखंडी त्यांना आज पहिल्यांदाच भेटत होता.

शेजारचे आजोबा मात्र सोडेनात. "मग मागचा जन्म आठवतो का?"

मी वैतागलो. "अहो, तासाभरापूर्वी गाडी कुठे लावली ते आठवत नाही, मागचा जन्म कुठला आठवतोय!"

सगळे हसले, पण ते खरंच होतं. बाहेर आलो तर बर्फाने सगळ्या गाड्या सारख्याच पांढऱ्या झालेल्या. मग अख्खा वर्ग काचा पुसत माझी गाडी शोधू लागला.

एका काचेतून आजोबांना डॅशबोर्डवरचा गणपती दिसला. ते तिथूनच ओरडले, "शरीर बदललंय, पण आत्मा तोच आहे!"